काळ्या कोटाचा रिव्ह्यू

"खरं सांगू का ताई, आपलं दुकान आत्ता कुठे दुकान वाटायला लागलं," धाकटा म्हणाला आणि त्याने आपल्या बायकोकडे अशा काही कौतुकाने पाहिलं, की ताईच्या हातातला घास तोंडापाशी जाता जाता थांबला.

तो मनात काही धरून बोलला नव्हता... पोटात एक आणि ओठांवर एक असा त्याचा स्वभावच नव्हता. रोज संध्याकाळी जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून तो दुकानाचं पान उघडायचा आणि आज किती जणांनी पाहिलं, किती जणांनी विचारलं, ते परीक्षेचा निकाल वाचावा तसं मोठ्याने वाचायचा.

"आत्ता कुठे?" ताईने विचारलं.

"म्हणजे आपण आहोत हे लोकांना कळलं गं. फोनवरच्या नकाशात आपल्या दुकानाची खूण त्या चावीवाल्याच्या दारावर होती. माणूस फाटका स्वेटर घेऊन यायचा आणि कुलपं बघून परत जायचा. हिने ती खूण सरकवली, वेळ नीट टाकली, आणि बघ."

"अहो, जेवा आता. गार होतंय," त्याची बायको म्हणाली. ती लाजली होती. ताईला ते लाजणंही सहन झालं नाही.

एकतीस वर्षं. एकतीस वर्षं ती त्या उत्तरेच्या खिडकीखाली मान मोडून बसली होती, आणि दुकान आत्ता कुठे दुकान वाटायला लागलं होतं.

वडिलांची नजर गेली तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि धाकटा नऊ वर्षांचा; आई त्याच्या आधीच गेली होती. तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. "दोन-चार महिने थांबा, बाबांचं काम तेवढं हातावेगळं करते," असं तिने त्या लोकांना सांगितलं आणि ती वडिलांच्या स्टुलावर बसली. ते लोक सहा महिने थांबले. मग नाही थांबले. त्यांचा तरी काय दोष? धाकट्याची शाळा, त्याचं कॉलेज, त्याची नोकरी... एकेक पायरी त्याने चढावी आणि खाली शिडी धरून हिने उभं राहावं, असं चालत आलं. तिने त्याचा उच्चार कधी केला नव्हता. केलेलं बोलून दाखवलं की त्याची चव जाते, असं तिला वाटे.

काम रफूचं. कसरीने कोटाला भोक पाडलं, सिगारेटने शाल जळली, खिळ्याला अडकून पॅन्ट फाटली, की त्याच कपड्यातून धागे काढायचे आणि सुईने एक उभा एक आडवा असं पुन्हा विणून काढायचं. शिवणीच्या आत शिंपी जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. धागा बहुतेक तिथूनच निघतो. काम उत्तम झालं म्हणजे काय, तर ते झालेलं कोणाला दिसतच नाही. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरतं, इकडून बघतं, तिकडून बघतं आणि विचारतं, "कुठे होतं हो भोक?" आपण कोणाला दिसायचं नाही हे ताईने केव्हाच मान्य केलं होतं. पण त्याच दुकानात, चार हातांवर, दुसरं कोणीतरी दिसायला लागलं, तेव्हा तिच्या अंतःकरणात काहीतरी पेटलं.

भावजय आधी एका फर्निचरच्या दालनात होती. तिथला फोनवरचा सगळा कारभार तीच बघायची. दालन बंद पडलं, आणि "घरी बसून काय करू, काउंटरवर बसते," असं म्हणून ती दुकानात आली. कामात तशी वाघीण होती. पाटीवर जे नाव आणि जो पत्ता, तोच जिकडेतिकडे हवा, एका अक्षराचाही फरक नको. फोटो आपल्याच कामाचे हवेत, दुसऱ्याचे उचललेले नकोत. आधीचा आणि नंतरचा एकाच खिडकीत, एकाच उजेडात काढायचा. कोणी काही विचारलं तर तासाभरात उत्तर. आणि रिव्ह्यू, म्हणजे गिऱ्हाइकाचा शेरा, मागायचा तो माणूस कपडा हातात घेऊन भोक शोधत असतो त्या क्षणी. घरी पोचला की तो विसरतो. धाकट्याने एकदा सुचवलं होतं, "माझ्या ऑफिसातल्या दहा जणांना सांगतो, देतील चांगलं लिहून." तेव्हा ती ताडकन म्हणाली होती, "आपण शिवलेलं नाही ते आपण शिवलं म्हणायचं नाही. खोटा रिव्ह्यू एक जरी कळला, तरी खरे पन्नास जातात."

ताईचे फोटोही तिला काढायचे होते. "ताई, लोकांना माणूस बघायला आवडतो. तुम्ही कामाला बसलात की..."

"माझं थोबाड कशाला? बघितलं तर येणारेही यायचे नाहीत."

ती हसली आणि पुन्हा तिने विचारलं नाही. फक्त हात आणि सुई एवढंच फोटोंत येई. पुन्हा का विचारलं नाही, याचाही ताईला राग आला... मत्सराला काय, नाही म्हणून चालत नाही आणि हो म्हणूनही चालत नाही.

मग ती गोष्ट घडली. एक बाई मुलाचा स्वेटर न्यायला आली. ताईने दोन दिवस त्याच्यावर डोळे फोडले होते. बाईने स्वेटर खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि भरल्या डोळ्यांनी वळून काउंटरवरच्या भावजयीचे दोन्ही हात धरले. "काय हात आहेत हो तुमचे. देव तुमचं भलं करो." भावजय लगेच म्हणाली, "माझे नाहीत, ताईंचे," पण तोपर्यंत बाई जे बोलायचं ते बोलून गेली होती, तिने ताईकडे बघून नुसती मान हलवली, दिव्याकडे बघून हलवावी तशी. ताईने सुईत धागा ओवायला घेतला. तो चार वेळा चुकला.

त्याच आठवड्यात काळा कोट आला. कोट एका व्हायोलिन वाजवणाऱ्या गृहस्थाचा होता, डाव्या कोपरावर पैशाएवढं भोक. ताईने बाहीच्या आतल्या मायेतून धागा काढला, विणलं, आणि दुपारी खिडकीशी धरून बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं... चुकलं. कोट वर्षानुवर्षं ऊन खाऊन किंचित तपकिरी झालेला, आणि मायेतला धागा अजून काळाभोर. धागा कॉलरच्या पाठीमागून काढायला हवा होता; तिथे कापड तितकंच विटलेलं असतं. उसवून पुन्हा करायला एक दिवस लागला असता.

"अजून थोडं बघायचंय मला," ती म्हणाली.

"झालंय की ताई, दिसतही नाही. आणि मी त्यांना तयार झाल्याचा मेसेज पाठवला पण."

अर्ध्या तासात गृहस्थ दारात. त्यांचा संध्याकाळी कार्यक्रम होता. त्यांनी कोट अंगात चढवला, खूश झाले, गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ताईच्या हातून तिला पसंत नसलेलं काम दुकानाबाहेर गेलं होतं, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या तरी फोनने नेलं होतं.

आणि आता ताटावर हे. आत्ता कुठे दुकान.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय बटणं आणायला बाजारात गेली. ताईने आपला फोन काढला. रिव्ह्यू कसा लिहायचा हे तिला भावजयीनेच शिकवलं होतं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना दाखवता यावं म्हणून; 'एक ग्राहक' असं नावही तिनेच सरावासाठी घालून दिलं होतं. ताईने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: "काउंटरवरची बाई फोनमध्येच असते. तिला कामातलं काही कळत नाही. घाई करून माल गळ्यात मारते." तिने एक स्टार दिला.

पण नुसतं एवढं कोण खरं मानणार? कामातला काही दोष दाखवायला हवा. तिथे तिचं बोट अडलं. आपल्या हातच्या कामात नसलेला दोष लिहायचा, हे काही केल्या तिला जमेना... खरा असा एकच दोष तिला ठाऊक होता. तिने तोच लिहिला. "काळ्या कोटाच्या कोपराला धागा बाहीच्या आतल्या मायेतून काढला आहे. तो उन्हात वेगळा दिसतो. कॉलरच्या मागून काढायला हवा होता."

कोटाचा धागा कुठून निघाला हे कोट घालणाऱ्याला कधी कळत नाही. ते काढणाऱ्यालाच ठाऊक असतं. रागाच्या भरात एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही.

संध्याकाळी धाकट्याने नेहमीप्रमाणे फोन तांब्याला टेकवला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?" त्याने बायकोला विचारलं.

"वाचलंय मी दुपारीच," ती हळू म्हणाली.

"वाचलंय आणि गप्प बसलीस? घाई करून माल गळ्यात मारते... आतापर्यंत बाबांच्या दुकानाला असं कोणी बोललं नव्हतं. ताईच्या कामाला तुझ्यामुळे नावं ठेवली लोकांनी. तुझं ते भराभर उत्तर देणं, मेसेज पाठवणं... माणसाला श्वास घेऊ देशील की नाही?"

ताईच्या मनाने इतके दिवस जे मागितलं होतं ते हे होतं. भाऊ तिच्या बाजूने उभा होता, शब्दन् शब्द तिचाच बोलत होता. आणि ताटातलं अन्न तिला मातीसारखं लागत होतं.

भावजयीने मान वर करून एकदा, एकदाच, ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "कोटाचा मेसेज मी घाईने पाठवला होता. उद्यापासून मी घरीच थांबते."

"थांबच," धाकटा म्हणाला.

ताई उठली आणि हात धुवायला गेली, आणि पाणी नुसतंच वाहत राहिलं.

तीन दिवस ती दुकानात एकटी होती. हवी होती तशी. चार हातांवर कोणी नव्हतं, तिच्याशिवाय कोणी दिसत नव्हतं. दुकानाचा फोन सारखा टुणटुणायचा, आणि ती त्याच्यावर कापड टाकून द्यायची. लोक दारात येऊन विचारायचे, "उत्तर नाही आलं, बंद आहे का?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ती हसरी मुलगी कुठे गेली? आजारी आहे का?" ताई म्हणाली, "नाही, घरी काम आहे," आणि त्या दिवशी तिच्या बोटात दोनदा सुई घुसली.

चौथ्या दिवशी तो काळा कोट दारात उभा राहिला.

"माफ करा," व्हायोलिनवाले म्हणाले. भिडस्त माणूस, टोपी हातात घेऊन उभा. "तुमच्याबद्दल कोणीतरी लिहिलंय. वाचताना कळलं, हा तर माझाच कोट. पण ते मी लिहिलेलं नाही, हे सांगायला आलो. तुम्हाला वाटेल, तोंडावर गोड बोलला आणि मागून असं केलं."

ताईने मान खाली घातली.

"माझ्या बायकोने भिंग घेऊन कोपर तपासलं हो," ते पुढे म्हणाले. "तिला काही सापडलं नाही. आणि तिला माझ्यातलं सगळं सापडतं. म्हणून म्हटलं, हा ग्राहक आहे तरी कोण? आणि खालचं उत्तर तर फारच... तुम्ही वाचलंत ना?"

"कसलं उत्तर?"

त्यांनी फोन पुढे केला. रिव्ह्यूच्या खाली, ज्या रात्री भावजय घरी थांबते म्हणाली त्याच रात्रीची नोंद होती.

"नमस्कार. आपण लिहिलंत त्यातलं काउंटरबद्दलचं मी मान्य करते. कोट तयार आहे की नाही हे तो करणाऱ्याने ठरवायचं असतं, ते मी ठरवलं. आता मी काउंटरवर नसते. धाग्याबद्दल आपण जे लिहिलंत, ते ओळखणारी नजर या गावात एकाच माणसाची आहे. त्या माणसाने दुकान सोडू नये. मी सोडलं आहे."

ताईने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

भावजयीला ठाऊक होतं. पहिल्या दुपारपासून ठाऊक होतं... आणि नवऱ्यासमोर एका शब्दाने सगळं उलटवता आलं असतं, तेव्हा तिने 'चूक माझीच' म्हणून मान खाली घातली होती. बहिणीवरून भावाचं मन उडू नये, म्हणून. आपण एकतीस वर्षं जे करत आलो आणि ज्याचा आपल्याला इतका मूक अभिमान, तेच ही कालची पोर कोणालाही न सांगता करून बसली होती.

"ते मी लिहिलं," ताई म्हणाली.

"काय?"

"तो रिव्ह्यू. मीच लिहिला. काउंटरवर बसते ती माझी भावजय आहे. लोक तिचं नाव घ्यायला लागले, ते मला बघवेना."

गृहस्थांनी टोपीची कड फिरवली. मग म्हणाले, "मी बावीस वर्षं दुसऱ्या रांगेत वाजवतोय. पहिल्या रांगेतल्याला टाळ्या पडतात ना, तेव्हा मी माझं व्हायोलिन पुसायला घेतो. हात मोकळे नकोत म्हणून." ते ओशाळून हसले. "स्वतःच्याच दुकानाला एक स्टार देण्याइतकी मात्र मजल गेली नाही माझी."

ताईच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी. "कोट काढून ठेवा," ती म्हणाली. "दोष लिहिलाय तो खरा आहे. परवा घेऊन जा."

ते गेल्यावर तिने भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं. पलीकडचा चावीवाला बघतच राहिला. "काय ताई, कोणी गेलं का?"

"नाही रे. आणायला चाललेय."

घरी भावजय शर्टांना इस्त्री करत होती. ताई दारातच उभी राहिली. वाटेत काय काय जुळवलं होतं, आणि तोंडून आलं ते भलतंच.

"बोलली का नाहीस? त्याला सांगितलं का नाहीस, हे ताईचं काम आहे म्हणून?"

भावजयीने इस्त्री उभी करून ठेवली. "त्यांना सांगून काय झालं असतं ताई? त्यांना आई आठवत नाही. तुम्हीच आठवता. त्यांच्या मनातल्या त्या जागेला मी काय देणार होते, एक स्टार?"

"अगं पण मी तुला..."

"आणि मी काही देवी नाही," ती एकदम म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मलाही राग आला. खूप आला. ते उत्तर मी चांगुलपणाने लिहिलं असं समजू नका; तुम्ही वाचावं आणि तुम्हाला झोंबावं म्हणूनही लिहिलं. ऑफिसातून आल्यावर हे आधी काय विचारतात ठाऊक आहे? 'ताई जेवली का?' मला ताप असताना सुद्धा आधी तेच. मला वाटायचं, त्या दुकानात तरी माझं काहीतरी असावं, जे बघून हे आधी माझ्याकडे बघतील."

ज्या एका नजरेसाठी ताई जळत होती, त्याच नजरेसाठी ही समोरची पोरही जळत होती, आणि नजर ज्याची होती तो बिचारा फोन तांब्याला टेकवून दोघींचं कौतुक वाचत होता.

ती पुढे झाली आणि तिने भावजयीला जवळ घेतलं. तिला ते नीट जमलं नाही, बऱ्याच वर्षांची सवय नव्हती. दोघी तशाच अवघडून रडल्या.

"शर्ट जळेल," थोड्या वेळाने भावजय म्हणाली.

"इस्त्री उभी आहे. आणि जळला तर जळला, रफू कोण करतं इथे?"

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा ताईने त्याला बसूही दिलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. तो आधी हसला, मग त्याला कळलं, मग तो खुर्चीत बसला.

"ताई, तू?... आणि मी हिला काय काय बोललो."

"तू बोललास ते माझेच शब्द होते. तुझ्या वाटची माफी तू माग, माझ्या वाटची मी मागितली."

त्याने बायकोकडे पाहिलं. "तू जेवलीस का दुपारी?" त्याने विचारलं, आणि ती रडता रडता हसायला लागली. आपण असं काय विनोदी बोललो, हे त्याला कळलं नाही.

"तो रिव्ह्यू काढून टाकू का ताई?" भावजयीने फोन पुढे ओढला. "तुमच्याच फोनवरून निघतो, मिनिटाचं काम."

"बदलता येतो का?"

"येतो."

"मग बदल. सांगते ते लिही." ताईने पाठ ताठ केली. "मी या दुकानात रफू करते. काळ्या कोटाबद्दल लिहिलं ते खरं आहे, तो मी पुन्हा करून देणार आहे. काउंटरवरच्या बाईबद्दल लिहिलं ते खोटं आहे. मत्सरापोटी लिहिलं."

"ताई, मत्सर वगैरे कशाला चव्हाट्यावर?" धाकटा कळवळून म्हणाला.

"तिचं नाव चव्हाट्यावरच घातलं होतं ना मी? लिही गं."

भावजयीने लिहिलं, आणि तिचं बोट थांबलं. "आणि स्टार? मालकाने स्वतःच्या दुकानाला स्टार वाढवून घ्यायचे नसतात."

"एकच राहू दे. कोपराचा आहे तो, माझा." ताई उठली, तिने ताटं घ्यायला सुरुवात केली, आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्या साडेनऊला निघायचंय. तीन दिवसांचे मेसेज साठलेत, मला एकीला झेपत नाहीत. त्यातल्या कोणाला काय सांगायचं ते तूच ठरव. कपडा तयार झाल्याचं मात्र..."

"तुम्ही सांगाल तेव्हाच," भावजय म्हणाली.

"नाही," ताई म्हणाली. "दोघींनी उन्हात धरून बघितल्यावर."